हिरडीखालचा पडदा : कोणता, याआधी कशासाठी

हिरडीच्या शस्त्रक्रियेचे एस्टिमेट हातात पडते तेव्हा त्यातल्या दोन ओळी पेशंटच्या डोळ्यांत भरतात. एक ‘बोन ग्राफ्ट’ची, म्हणजे झिजलेल्या हाडाच्या जागी भरायच्या भुकटीची, आणि दुसरी ‘मेम्ब्रेन’ची. हा मेम्ब्रेन म्हणजे कागदासारखा पातळ पडदा. तो अंगठ्याच्या नखाएवढा कापून हिरडीखाली बसवतात, आणि त्याची किंमत हजारांत असते. मग पहिला प्रश्न साहजिकच मालाचा येतो: परदेशी घ्यायचा की इथला, विरघळणारा की पुन्हा काढावा लागणारा? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा आहे. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतला पुरावा एकत्र ठेवून पाहिला की लक्षात येते, पडद्याच्या जातीपेक्षा तीन गोष्टी निकाल जास्त ठरवतात. हाडात पडलेल्या खड्ड्याचा आकार, शिवलेली हिरडी पडद्यावर शेवटपर्यंत मिटलेली राहणे, आणि पेशंटचे तोंड किती स्वच्छ व तंबाखूपासून किती लांब आहे हे. ज्यांना अशी शस्त्रक्रिया सुचवली गेली आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलायला बसताना याच क्रमाने प्रश्न विचारावेत, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी आधी पडदा काय करतो ते नीट कळायला हवे, कारण ‘पडद्याने हाड वाढते’ हा समज सर्रास आढळतो. पडदा हाड वाढवत नाही. पायोरियात दाताच्या मुळाभोवतीचे हाड झिजते आणि हिरडी व मूळ यांच्यामध्ये खोल फट तयार होते. तिला डॉक्टर ‘पॉकेट’ म्हणतात. शस्त्रक्रियेत हिरडी उघडून ही जागा खरवडून साफ केली की तिथे रक्ताची गुठळी बसते आणि त्या गुठळीत शिरायला चार प्रकारच्या पेशी निघतात. हिरडीच्या वरच्या त्वचेच्या पेशी, हिरडीच्या आतल्या तंतुमय भागाच्या पेशी, हाडाच्या पेशी, आणि मूळ व हाड यांना जोडणाऱ्या बंधाच्या पेशी. त्वचेच्या पेशी सगळ्यांत चपळ. त्या मुळाला लागून भराभर खाली उतरतात आणि जखम वरवर भरल्यासारखी दिसते, पण मूळ आणि हाड यांचा सांधा परत तयार होत नाही. कॅनडातले संशोधक मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडले की मुळाच्या पृष्ठभागावर आधी कुठल्या पेशी येऊन बसतात, यावर तिथे कोणत्या प्रकारची जोडणी होणार हे ठरते. पुढच्या काही वर्षांत प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांत दिसले की रोगट मूळ नुसत्या हाडाला टेकवून ठेवले तर ते हाडाला चिकटून झिजू लागते, आणि हिरडीच्या तंतुमय भागाला टेकवले तरी झिजते. मुळाला खरा उपयोग एकट्या बंधाच्या पेशींचा, आणि त्या तर संथ. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून मागून येणाऱ्यासाठी जागा धरावी, तसा हा पडदा या संथ पेशींसाठी जागा धरून ठेवतो. १९८२ मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या न्यूमन, लिंडे, कॅरिंग आणि रायलँडर यांनी माणसाच्या खालच्या जबड्यातल्या एका पुढच्या दातावर हे करून पाहिले. त्यांनी वापरलेला पडदा म्हणजे प्रयोगशाळेत द्रव गाळायला वापरतात तो मिलिपोर फिल्टर. तीन महिन्यांनी तो दात भोवतालच्या भागासह काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा मुळावर नवे आवरण आणि त्यात रुतलेले नवे तंतू दिसले. म्हणजे पहिले यश एका साध्या गाळणकागदाने मिळाले होते. आज चकचकीत माहितीपत्रकातून पडदा निवडताना ही गोष्ट ध्यानात असलेली बरी.

हाडाच्या बाबतीतही तत्त्व हेच. १९८८ मध्ये डालिन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जबड्याच्या हाडात आरपार भोके पाडली, एका बाजूला दोन्हीकडून पडदा लावला आणि दुसरी बाजू तशीच ठेवली. पडद्याच्या बाजूची भोके काही आठवड्यांत हाडाने भरली. उघड्या बाजूला स्नायू आणि तंतुमय पेशी घुसल्या आणि हाड जवळपास तयारच झाले नाही. इम्प्लांटपूर्वी किंवा इम्प्लांटबरोबर हाड वाढवण्यासाठी पडदा लावतात त्याचा पाया इथे आहे. पण या दोन कामांत एक फरक आहे आणि तो पैशाच्या व वेळेच्या हिशेबात उतरतो. असलेल्या दाताभोवती पडद्याला साधारण चार ते सहा आठवडे तग धरावा लागतो. इम्प्लांटसाठी जबड्याची रुंदी वाढवायची असेल तर ही राखण काही महिने लागते. म्हणून आपले काम यांपैकी कुठले, हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्यावे. दोन्हीकडे ‘मेम्ब्रेन’ हा एकच शब्द लिहिलेला असतो.

आता पहिल्या आणि सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊ: खड्डा कसला आहे? हाड दोन तऱ्हांनी झिजते. एका तऱ्हेत ते सगळ्या दातांभोवती सारखे, पाण्याची पातळी उतरावी तसे खाली जाते. अशा आडव्या झिजेत पडद्याला धरून ठेवायला जागाच नसते, भिंती नसतात, आणि हाड पुन्हा वर चढेल अशी आशा दाखवणे पेशंटवर अन्याय आहे. दुसऱ्या तऱ्हेत एका मुळाच्या कडेने हाड उभे खाली झिजते आणि एक्स-रेत ते खाचेसारखे दिसते. या उभ्या खड्ड्याला हाडाच्या किती भिंती शिल्लक आहेत यावर बरेच अवलंबून असते. तीन बाजूंनी भिंत, खोल आणि अरुंद तोंड, असा खड्डा सर्वांत चांगला भरतो. एकच भिंत उरलेला पसरट खड्डा वाईट. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, आधीच्या उपचारांनंतर खोल पॉकेट उरले असेल आणि हाडातला खड्डा ३ मिलिमीटर किंवा जास्त खोल असेल तरच पुनर्निर्मितीच्या शस्त्रक्रियेची शिफारस आहे. दाढांच्या मुळांच्या बेचक्यात हाड गेले असेल तिथेही असाच फरक पडतो. खालच्या दाढेचे बेचके एका बाजूने उघडे पडले असेल तर उपयोग होऊ शकतो. बेचके आरपार उघडे पडले असेल तर पडद्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. साध्या एक्स-रेत चित्र सपाट येते, त्यामुळे भिंतींची नेमकी संख्या हिरडी उघडल्यावरच कळते. म्हणून प्रामाणिक डॉक्टर ‘उघडून पाहिल्यावर ठरवू’ असे म्हणतात. ती टाळाटाळ समजू नये. मात्र पडदा लावावा लागला नाही तर त्याचे पैसे बिलातून वजा होणार का, हे आधीच विचारून ठेवावे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. इतके करून मिळते काय? कॉक्रेन या संस्थेने २००६ मध्ये केलेल्या आढाव्यात नुसती हिरडी उघडून साफ करणे आणि साफ करून पडदा लावणे यांची तुलना आहे. पडदा लावलेल्या बाजूला दाताची जोडणी सरासरी १.२२ मिलिमीटर जास्त परत आली. २ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फायदा झालेली एक जादा जागा मिळवायला सुमारे आठ पेशंटवर उपचार करावे लागतात, असाही हिशेब त्यात आहे. सव्वा मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप? हा प्रश्न विचारणाऱ्याला वेड्यात काढू नये. पण या सरासरीत चांगले-वाईट सगळे खड्डे, धूम्रपान करणारे आणि न करणारे, निष्णात आणि नवशिके हात एकत्र आलेले आहेत, आणि एका अभ्यासाचे निष्कर्ष दुसऱ्यापासून फार वेगळे पडतात हे आढाव्यातच नोंदवलेले आहे. इटलीत टोनेटी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पडदा लावलेल्या पेशंटांची अशी विभागणी करून पाहिली. धूम्रपान न करणाऱ्यांना सरासरी ५.२ मिलिमीटर जोडणी परत मिळाली होती, करणाऱ्यांना २.१. म्हणजे सिगारेट ओढण्या-न ओढण्यातला फरक पडदा लावण्या-न लावण्यातल्या सरासरी फरकापेक्षा मोठा निघाला. सरासरीचा आकडा पाहून उपचार नाकारण्यापेक्षा किंवा डोळे मिटून स्वीकारण्यापेक्षा, आपण त्या सरासरीच्या कुठल्या बाजूला पडतो हे शोधणे शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप तर थेट पडद्यावरच आहे. फ्लॉरेन्सच्या कोर्तेलिनी आणि टोनेटी यांनी २०११ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. दोन दातांमधल्या हिरडीचे टोक न कापता, अगदी छोट्या खिडकीतून सूक्ष्मदर्शकाखाली काम करायचे, अशी ती पद्धत. पंधरा-पंधरा पेशंटांचे तीन गट होते. एकात नुसते साफ करून शिवले, दुसऱ्यात दंतवल्काच्या प्रथिनांचे जेल घातले, तिसऱ्यात जेलबरोबर हाडाची भुकटीही घातली. तिन्ही गटांत जोडणी चार मिलिमीटरच्या आसपास परत आली. गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. याचा अर्थ पडदा आणि ग्राफ्ट सगळे व्यर्थ, असा घेणारे घेतात. माझ्या मते तो अर्थ चुकीचा आहे. त्या पद्धतीत हिरडी इतकी कमी हलवलेली होती की ती स्वतःच गुठळीवर घट्ट झाकण होऊन बसली. म्हणजे तत्त्व तेच राहिले: गुठळी हलू नये, जागा मिटू नये, वरून जंतू येऊ नयेत. पसरट खड्ड्यात हिरडी आत ढासळते, मोठा भाग उघडावा लागतो, तिथे बाहेरून आधार द्यावाच लागतो. पण या चाचणीमुळे पेशंटला एक प्रश्न हक्काने विचारता येतो: ‘माझ्या या दाताला पडद्याशिवाय चालेल का?’ चालेल, असे उत्तर देणारे डॉक्टर स्वस्तातले काम करताहेत असे मानू नये.

एवढे ठरले की मग पडद्याच्या जातीचा विचार करावा. सुरुवातीच्या पिढीतला पडदा टेफ्लॉनच्या कुळातल्या ताणलेल्या प्लास्टिकचा, गोअर-टेक्स नावाने ओळखला जाणारा. तो जागा उत्तम धरायचा, पण विरघळत नसल्याने काही आठवड्यांनी पुन्हा हिरडी उघडून काढावा लागे. शिवाय हिरडी मधेच फाटून तो उघडा पडला तर त्याच्या मोठ्या छिद्रांत जंतू शिरत आणि सगळ्या कामावर पाणी पडे. त्याच कुळातला दाट विणीचा पडदा नंतर आला. त्याची छिद्रे ०.३ मायक्रॉनपेक्षाही लहान; बहुतेक जंतू त्याहून मोठे असतात. म्हणून दात काढल्यावरच्या खळगीवर तो मुद्दाम उघडा ठेवूनही चालतो. आज सर्वांत जास्त वापरात आहे तो कोलॅजनचा पडदा. तो शरीरात विरघळतो, दुसरे ऑपरेशन वाचते, आणि हिरडीशी त्याचे चांगले जमते. पण ओला झाला की तो मऊ पडतो, उभा राहत नाही, त्यामुळे पसरट खड्ड्यात त्याच्याखाली ग्राफ्टचा भराव द्यावाच लागतो. रसायनाने तंतू जोडून त्याचे आयुष्य वाढवता येते, मात्र असे पडदे उघडे पडण्याचे प्रमाण वाढल्याचे काही अभ्यासांत दिसते. पॉलिलॅक्टिक आम्लापासून केलेले कृत्रिम पडदेही विरघळतात. जबडा उंचीने वाढवायचा असेल तर टायटॅनियमची जाळी किंवा टायटॅनियमच्या काड्या घातलेला पडदा लागतो, कारण तिथे गालाचा आणि ओठाचा दाब सतत पडत असतो. पेशंटच्याच रक्तातून यंत्रात फिरवून काढलेला पीआरएफ अलीकडे ‘नैसर्गिक मेम्ब्रेन’ म्हणून सुचवला जातो. जखम शांत भरायला त्याची मदत होते, पण तो साधारण एक-दोन आठवड्यांत विरघळतो. ज्या कामाला महिनोन्महिने राखण हवी, तिथे त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहणे मला पटत नाही.

‘परदेशी तेच चांगले का?’ या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. ज्या पडद्यावर वर्षानुवर्षे माणसांवरचे अभ्यास छापून आले आहेत त्याचा अंदाज अधिक खात्रीने बांधता येतो, एवढे खरे. पण योग्य खड्ड्यात, चांगल्या हाताने लावलेला आणि शेवटपर्यंत झाकलेला साधा पडदा, चुकीच्या जागी लावलेल्या महागड्या पडद्याला सहज मागे टाकेल. पडदा कशापासून बनला आहे, हे मात्र प्रत्येकाने विचारावे आणि प्रत्येक डॉक्टरने न विचारता सांगावे. कोलॅजन डुकराचे किंवा गाईगुरांचे असू शकते. भारतात माशांपासून केलेलेही मिळते. ग्राफ्टची भुकटी बऱ्याचदा गुरांच्या हाडाची असते. मानवी गर्भवेष्टनापासून केलेले पडदेही आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या टिश्यू बँकेत असे पडदे आणि दात्यांचे हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करून दिले जाते. कुणाची धर्मश्रद्धा असेल, कुणी शाकाहाराबाबत काटेकोर असेल, कुणाला माशांची अ‍ॅलर्जी असेल. या गोष्टी ऑपरेशनच्या खुर्चीवर बसण्याआधी बोलून झाल्या पाहिजेत. पर्याय असतात, फक्त ते मागावे लागतात. वापरलेल्या वस्तूच्या वेष्टनावरचे नाव, लॉट नंबर आणि मुदतीची तारीख आपल्या केसपेपरवर लिहून घ्यावी किंवा त्याचे स्टिकर लावून घ्यावे.

‘एवढ्या खर्चात दात काढून इम्प्लांटच बसवू’ हा सल्लाही कानावर येतो. काही दातांच्या बाबतीत तो बरोबर असतो. पण पायोरियाने दात गमावलेल्या माणसाच्या इम्प्लांटभोवतीही तसाच दाह होऊन हाड झिजण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि तो आटोक्यात आणणे दाताभोवतीच्या रोगापेक्षा अवघड जाते. शिवाय दात काढल्याने हाडाचा प्रश्न मिटत नाही. डेन्मार्कमधल्या श्रोप आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात दाढा-उपदाढा काढल्यावर वर्षभरात जबड्याची रुंदी सुमारे निम्म्याने घटली, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली. म्हणजे इम्प्लांटसाठी पुन्हा पडदा आणि ग्राफ्ट लागण्याची शक्यता असतेच. म्हणून खोल पण अरुंद खड्ड्याचा, फार न हलणारा दात घाईने काढून टाकू नये. वाचवण्याजोगा दात जाताना पाहणे वाईटच. तो केवळ माहितीच्या अभावी गेला तर अधिक वाईट.

शस्त्रक्रियेची तयारी महिनाभर आधी सुरू होते. स्केलिंग आणि मुळांची खोल सफाई करून घ्यावी, मग काही आठवड्यांनी पॉकेट पुन्हा मोजून घ्यावेत. कित्येक पॉकेट एवढ्यानेच उथळ होतात आणि ऑपरेशनची गरज उरत नाही. सफाई न करता पहिल्याच भेटीत पडद्याची तारीख मिळत असेल तर कारण विचारावे. दातांच्या फटींतून इंटरडेंटल ब्रश फिरवायला शिकावे. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी करून फिजिशियनशी बोलावे. तंबाखू कुठल्याही रूपात बंद करावी. सिगारेट-बिडी तर आलीच, पण महाराष्ट्रात अनेक घरांतल्या बायका मिश्री लावतात आणि तिला दात घासण्याची पूड समजून डॉक्टरांना सांगतच नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती बोटाने नेमकी त्या हिरडीवर चोळली जाते जिच्यावर पुढे टाके घालायचे असतात. घरातल्या आईला, आजीला हे प्रेमाने पण स्पष्ट विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या आणि हाडे विरळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या-इंजेक्शनांचीही माहिती द्यावी; त्या आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन आठवडे पडद्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. ओठ ओढून आरशात टाके बघण्याचा मोह टाळावा. ओठ ताणला की हिरडीची कड टाक्यांवर खेचली जाते आणि तिथेच उसवते. स्ट्रॉने पिणे, जोरात चुळा भरणे, जिभेने टाके चाचपणे टाळावे. त्या जागी ब्रश लावू नये. डॉक्टर सांगतील तितके दिवस क्लोरहेक्सिडीनचे माउथवॉश अलगद तोंडात फिरवून सोडून द्यावे. बाकीचे दात मात्र रोजच्यासारखे घासावेत. मऊ भात, वरण, खिमट, उपमा चालेल; भाकरी, चिवडा, शेंगदाणे, फुटाणे नकोत, आणि चावायचे ते दुसऱ्या बाजूने. तात्पुरती काढघालीची कवळी असेल तर ती त्या जागेवर टेकत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. रोज थोडा थोडा पडणारा दाब पडद्यासह ग्राफ्ट हलवतो आणि दुखतही नाही, त्यामुळे ते कळत नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. उतरून पुन्हा वाढली, पू आला, ताप आला तर त्याच दिवशी दाखवावे. हिरडीच्या कडेतून पांढरी किनार डोकावू लागली तर ती कापू किंवा ओढू नये. कोलॅजनचा पडदा उघडा पडला तर तो लवकर विरघळतो, पण ती जागा स्वच्छ ठेवली तर बऱ्याचदा हिरडी वरून मिटते. न विरघळणारा असेल तर ठेवायचा की काढायचा, हा निर्णय त्याची जात पाहून डॉक्टरच घेतील, आणि तो फोनवर घेता येत नाही.

निकाल लगेच मोजायला जाऊ नये. त्या दातापाशी पॉकेट मोजण्याची सळी किमान सहा महिने घालत नाहीत, कारण नवी जोडणी कोवळी असते. वर्षभराने, शक्यतो पहिल्याच कोनातून, पुन्हा एक्स-रे काढून जुन्याशी ताडून पाहावा. ग्राफ्टची भुकटी एक्स-रेत पांढरी दिसते, म्हणून नुसत्या पांढऱ्या सावलीला नवे हाड समजू नये. पॉकेटची खोली, रक्त येणे आणि दाताचे हलणे यांच्या नोंदी तिच्याबरोबर वाचाव्या लागतात. तोवर आणि त्यानंतरही साधारण दर तीन महिन्यांनी सफाईला जायचे, आणि त्या फेऱ्यांचा खर्च पहिल्या दिवशीच एस्टिमेटमध्ये लिहून मागायचा.